नांदेड ते देवणी, चिवचिवणाऱ्या इंजिनासोबत

देवणीच्या आत्याचा फोन येणं बंद झालं होतं, म्हणून आम्ही निघालो. एरवी या ब्लॉगवर मी किल्ले, तळी, बऱ्या खानावळी असं लिहिते. नांदेडहून सकाळी निघून दुसऱ्या संध्याकाळी घरी परतता येईल, अशा सहली. हीही तशीच सहल आहे आणि रस्त्याची माहिती मी देणारच आहे. पण या वेळी माझं निम्मं लक्ष रस्त्यावर नव्हतं, बॉनेटखाली होतं, हे आधीच सांगते.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिचे यजमान देवणीजवळच्या शाळेत गुरुजी होते. ते गेल्यावर ती तिथंच राहिली. घर, थोडी जमीन, एक देवणी जातीची गाय आणि तिची कालवड. दर रविवारी ती बाबांना फोन करायची. हिवाळा सरता सरता तो फोन थांबला. मी लावला तर दोन शब्द बोलायची आणि ‘तुझ्या बापाला इचार’ म्हणून ठेवून द्यायची. बाबांना विचारलं तर ते म्हणायचे, काही झालेलं नाही. आईचं म्हणणं असं की रिटायर झाल्यापासून त्यांनी बोलणंच कमी केलंय, घरात बोलत नाहीत तर बहिणीशी काय बोलतील. विहारातल्या रविवारच्या बैठकीलाही त्यांनी जाणं सोडलं होतं. आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे ती येणार नव्हती. उरलो मी आणि बाबा.

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, तो हा उन्हाळा. अशा दिवसांत सहलीला कोण निघतं, असं शेजारच्या काकूंनी विचारलंच. पण आत्या एकटी होती आणि पावसाची वाट बघत बसण्यात अर्थ नव्हता.

गाडी आमची जुनी, पांढरी, छोटी, पेट्रोलवर चालणारी. बाबांनी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात टेबलामागे काढली. म्हणून असेल, हातानं काही करायची त्यांना भारी हौस. निघायच्या आधल्या आठवड्यात त्यांनी गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करतो तो डायनॅमो, स्वतः उतरवला, त्याचे झिजलेले कार्बन ब्रश बदलले, वर नवा बेल्ट चढवला. मोबाईलवर एका हिंदी व्हिडिओत बघून, पुन्हा पुन्हा मागे घेऊन, दोन दुपारी खपून. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली. आईनं त्या दिवशी शिरा केला.

आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला तो निघायच्या सकाळी, गेटातून बाहेर पडताना. पुढच्या बाजूनं, बारीक, एका लयीत, पत्र्याखाली चिमणीचं पिल्लू अडकावं तसा. बाबांनी ॲक्सिलरेटर दाबला की लय वाढायची आणि वेग आला की त्याची एक बारीक शीळ व्हायची.

मी म्हणाले, बाबा, कसला तरी आवाज येतोय.

बाबा म्हणाले, “इंजिन एकदम शांत आहे. स्टेअरिंगला हात लावून बघ.”

स्टेअरिंग खरंच शांत होतं. स्वतः केलेल्या कामात कुणाला खोट ऐकायची नसते, असं मी धरून चालले.

नांदेड ते कंधार

लोह्यापर्यंत रस्ता चांगला आहे. सकाळी लवकर निघालात तर ऊन पाठीशी राहतं आणि लोह्यात बसस्टँडसमोर गरम सुशीला मिळते. मुरमुरे भिजवून, कांदा-मिरचीची फोडणी देऊन, वर शेंगदाण्याचा कूट. मराठवाड्याबाहेरच्या ज्यांनी ही कधी खाल्ली नाही त्यांनी इथं थांबावं. पाण्याचा ग्लास मागितला तरच मिळत होता, आणि अर्धाच.

बाबा खात असताना मी गाडी चालू ठेवून बॉनेट उघडलं. तुमच्यावर अशी वेळ आली तर सांगते: चालू इंजिनाजवळ ओढणी, बाह्या, केस आधी आवरून घ्या. आणि आवाज कसा आहे यापेक्षा तो कधी वाढतो ते बघा. मी हेडलाइट लावून पाहिले, चिवचिव वाढली. बंद केले, कमी झाली. लाइट लावले की डायनॅमोवर भार येतो, म्हणजे आवाज त्याच बाजूचा. गाडी जागेवर उभी असतानाही येत होता, म्हणजे चाकांचा नाही. एवढं मला कळलं. त्यापुढचं मला येत नव्हतं आणि ज्यांना येत होतं ते सुशीला खात होते.

बाबांना मी म्हणाले की बेल्टचा असावा. त्यांनी बेल्ट अंगठ्यानं दाबून बघितला, ताण बरोबर आहे म्हणाले आणि बॉनेट लावून टाकलं. मला काळजी होती ती एका गोष्टीची. आमच्या गाडीत त्याच एका बेल्टवर पाण्याचा पंपही फिरतो. बेल्ट तुटला तर बॅटरी जाते ते जाऊ द्या, इंजिन तापतं. आणि त्या उन्हाळ्यात रेडिएटरसाठी रस्त्यात कुणाकडे पाणी मागायचं म्हणजे अवघडच होतं.

कंधारचा किल्ला सकाळीच बघावा. भोवतीच्या खंदकात एरवी पाणी असतं, त्या वर्षी तिथं पोरांचं क्रिकेट चाललं होतं. षटकार तटावर आदळत होते. आत सावलीला बसायला जागा आहे, खायला काही नाही. बाबा एका बुरुजावर बराच वेळ उभे राहिले. मी खालून हाक मारली, तीनदा मारली. ते वळले नाहीत. मग वर जाऊन खांद्याला हात लावला तेव्हा दचकले.

कंधार ते जळकोट

पुढे जांबमार्गे जळकोटचा रस्ता तुकड्यातुकड्यांत चांगला आणि तुकड्यातुकड्यांत खडी. दोन्ही बाजूंना काळी रानं, भेगाळलेली, आणि मधूनच पाण्याचे टँकर. आमच्या मागेही एक टँकर लागला. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हात काढलाच नाही. बाबा रस्त्याच्या मधोमध, शांतपणे चालवत होते.

“बाबा, बाजूला घ्या,” मी म्हणाले. ते समोर बघत होते. मी त्यांच्या दंडाला धरलं तेव्हा त्यांनी आरशात पाहिलं आणि गाडी डावीकडे घातली. तोवर टँकरनं उजवीकडची दोन चाकं खाली खडीत उतरवून आम्हाला गाठलं होतं. वरच्या झाकणातून पाणी हिंदकळून आमच्या काचेवर पडलं. ड्रायव्हर खिडकीतून काहीतरी बोलला, ते इथं लिहीत नाही.

बाबांनी वायपर फिरवले. मग म्हणाले, “हॉर्न तरी वाजवायचा माणसानं.”

ते चिडून बोलत नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. थोड्या वेळानं मी गाडी चालवायला मागितली. त्यांनी नकारार्थी मान हलवली, “गाडी माझ्या हाताची आहे,” म्हणाले.

जळकोटला गॅरेजवर थांबलो. मिस्त्रीसमोर दोन ट्रॅक्टर उघडे पडले होते. त्यानं आमच्या बॉनेटवरून कान फिरवला आणि मला सांगितलं, “आवाज येऊन राहिलाय खरा. पर टायमिंगचा हाय का बेअरिंगचा, खोलल्याबिगर न्हाई सांगता येणार. उदगीरला दाखवा, इथं सामान भेटत न्हाई.” तो माझ्याशी बोलत असताना बाबा त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. शेवटी मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. ते म्हणाले, “काहीही सांगतो.”

शेजारच्या टपरीवर उदगीर जिल्हा होणार, यावर बोलणं चाललं होतं. एका दुकानदारानं नव्या पाटीवर ‘जिल्हा उदगीर’ रंगवूनही घेतलं होतं. बाकावरचा एक म्हातारा विचारत होता, जिल्हा झाल्यावर पाणी येईल का. चहावाला म्हणाला, “आधी कलेक्टर यील. मग त्याच्या बंगल्यावर पाणी यील. मग बघू.” कुणी हसलं नाही. जळकोटचा तालुका झाला तेव्हाही असंच बोललो होतो, असं म्हाताऱ्यानं सांगितलं आणि बशीत चहा ओतला.

उदगीर, मग देवणी

उदगीरला किल्ल्यासाठी अर्धा दिवस तरी ठेवा. आम्ही ठेवला नाही. बाजारात थांबून भाकरी, शेंगाची चटणी आणि पातळ पिठलं खाल्लं. शेजारच्या टेबलावर दोन व्यापारी अर्धं कानडीत, अर्धं मराठीत कडब्याचा भाव बोलत होते. मी बॉनेट उघडून पाहिलं तर बेल्टच्या मागच्या कडेला काळी भुकटी जमली होती, कागदावर खोडरबराची पडते तशी. नवा बेल्ट एका कडेनं झिजत होता. मी बोटावर घेऊन ती बाबांना दाखवली. डोळ्यांना दिसलेलं त्यांनी लगेच मान्य केलं. पण म्हणाले, आता देवणी जवळ आहे, आक्काच्या अंगणात सावलीला बघू. तिथून पुढे त्यांनी गाडी अगदी हळू नेली.

देवणीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आत्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. बाबांनी “जय भीम, आक्का” म्हटलं. तिनं जय भीम घातला, पण उठली ती माझ्यासाठी. माझ्या तोंडावरून हात फिरवला, वाळलीस म्हणाली, चहा ठेवला. बाबांचा कप तिनं त्यांच्यासमोर न बोलता ठेवला.

बाबा चहा घेऊन गोठ्याकडे गेले. गोठ्यात कालवड एकटी होती. पांढरी, तोंडाच्या दोन्ही बाजूंनी काळी, आईसारखीच. शेजारचा खुंटा रिकामा होता.

“गाय कुठंय?” बाबांनी विचारलं.

आत्या दारातून म्हणाली, “इकली. तूच म्हणलास इक म्हणून.”

बाबांना ते कळलं नाही, असं मला वाटलं, कारण ते तसेच उभे राहिले. ती पायऱ्या उतरून त्यांच्यासमोर गेली आणि मोठ्यानं, एकेक शब्द तोडून बोलली. कडबा संपला होता. चारा छावणीत ठेवायची तर रोज तिथं जाऊन बसायला माणूस पाहिजे, ते तिला होणार नव्हतं. तिनं फोन करून विचारलं होतं की गाय विकू का, का तू नांदेडकडं कुणाच्या रानात ठेवून घेशील. आणि बाबा म्हणाले होते, बरं बरं, कर, चांगलं होईल.

बाबा म्हणाले, मी असं म्हणालोच नाही.

“म्हणजे मी खोटं बोलून राहिले?” आत्या म्हणाली. मग आणखी एक गोष्ट सांगितली, ती माझ्याकडे बघून. गाय नेणारा सीमेपलीकडच्या कानडी मुलखातला होता, गावाचं नाव तिनं विचारून घेतलं नव्हतं. दावं सोडताना तिनं पुन्हा बाबांना फोन लावला होता, की शेवटचं विचारते. तेव्हाही ते म्हणाले, बरं बरं. एवढं बोलून ती आत गेली.

बाबा काही वेळ रिकाम्या खुंट्यापाशी उभे राहिले. गुरुजी हयात असताना त्या गाईच्या आईला देवणीच्या बाजारातून बाबांनी आणि आत्यानं मिळून आणलं होतं. मग ते गाडीकडे गेले, डिकीतून हत्यारांची पिशवी काढली आणि बॉनेट उघडलं. काही सुचलं नाही की ते हेच करतात.

अंगणातला शोध

आता आवाज शोधायची रीत सांगते, कारण ती उपयोगाची आहे आणि कारण पुढचं सगळं तिच्यातूनच घडलं.

आधी पाणी. बेल्टचा आवाज असेल तर चालू इंजिनात त्यावर चमचाभर पाणी शिंपडतात. आवाज वाढला तर बेल्ट ढिला. क्षणभर थांबून पुन्हा सुरू झाला तर बेल्ट वाकडा धावतोय. पाणी मागायचं कसं, हा प्रश्न होता. मी आत जाऊन आत्याला सांगितलं. तिनं कालवडीसाठी ठेवलेल्या तांदळाच्या धुवणातून वाटीभर दिलं. बाबांनी गाडी सुरू केली, मी लांबून बोटांनी शिंपडलं. चिवचिव थांबली. दोन श्वास गेले आणि पुन्हा लागली.

“थांबला होता,” मी म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काय थांबलं होतं, असा चेहरा.

मग पेचकस. लांब पेचकसाचं टोक चालू यंत्राच्या अंगाला टेकवायचं, फिरणाऱ्या भागाला नाही, आणि मूठ कानाशी धरायची. बेअरिंग बिघडलं असेल तर डॉक्टरच्या नळीसारखं ऐकू येतं. हे बाबांना माहीत होतं, व्हिडिओत बघितलेलं. त्यांनी टोक पाण्याच्या पंपाला लावलं, मूठ कानात धरली, मान हलवली. काही नाही. टोक डायनॅमोला लावलं, पुन्हा मान हलवली. मी घेतलं तर मला पंपाची संथ घरघर येत होती आणि डायनॅमोची कचकच इतकी स्पष्ट की मूठ लांब करावी लागली. मी पेचकस त्यांना परत दिला आणि म्हणाले, नीट ऐका.

ते वाकले. त्यांच्या हाताला तेल लागलेलं होतं. मूठ कानातून निसटली आणि कानामागच्या हाडावर टेकली. ते तसेच थांबले.

त्यांनी मूठ काढली, पुन्हा हाडाला लावली. काढली, लावली. मग टोक पंपाकडे नेलं, थांबले, परत डायनॅमोकडे आणलं. दुसऱ्या कानामागे लावून पाहिलं. हे त्यांनी इतक्या सावकाश केलं की आत्या ओसरीवर येऊन बघू लागली.

“हा कर्र कर्र आवाज,” बाबांनी मला विचारलं, “तुला नुसत्या कानानं येतो?”

“नांदेडपासून.”

“पेचकस न लावता?”

“हो.”

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि गाडीच्या बंपरवर टेकून बसले. त्यांच्या चेहऱ्यावर मला धक्का वगैरे दिसला नाही. हिशेब लागत असलेला माणूस दिसतो तसे दिसले. टँकर त्यांना आठवत असेल, असं मला वाटलं. माझं मलाही बरंच आठवत होतं: जेवताना मारलेल्या हाका, आवाज बंद आहे हे न कळता बघितलेला टीव्ही, विहारातली बैठक.

आत्या त्यांच्याजवळ येऊन बसली. जवळ, अगदी कानाशी.

“किसन,” ती म्हणाली, “फोनवर तुला काय ऐकू आलं व्हतं?”

बाबा म्हणाले, “तू बोलतीस, एवढं कळत व्हतं.”

आत्यानं पदरानं त्यांच्या कानामागचं तेल पुसलं. मग मला सांगितलं की लहानपणी याचे दोन्ही कान वाहायचे, उन्हाळा-पावसाळा, आणि त्यांची आई गरम तेलाचा बोळा घालायची. मोठं झाल्यावर थांबलं म्हणून सगळे विसरून गेले. बाबांनी विचारलं, काय म्हणतेस? तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. या वेळी तिच्या मोठ्या आवाजात राग नव्हता.

एक वॉशर

आवाजाचं काम अजून बाकी होतं. बाबा उठले. दोष डायनॅमोच्या बाजूला आणि बेल्ट वाकडा धावतोय, इतकं आता ठरलं होतं. गुरुजींची लाकडी फूटपट्टी आत्यानं काढून दिली. इंजिन बंद ठेवून ती दोन पुल्यांच्या तोंडावर आडवी धरली तर डायनॅमोच्या पुलीपाशी फट दिसली. पुली मागे बसली होती, जाड वॉशरभर.

बाबा म्हणाले, एक वॉशर उरला होता खरा. घरी डब्यात टाकलाय. व्हिडिओत तो कुठं घालतात ते दाखवलंच नव्हतं.

मी माझ्या मोबाईलवर तो व्हिडिओ शोधला. नेट रखडत होतं, पण लागलं. खालचा बोल्ट घालताना त्या माणसाचा हात कॅमेऱ्यासमोर आडवा येतो, दिसत काहीच नाही. पण तो बोलत असतो, आणि अगदी स्पष्ट सांगतो की हा जाड वॉशर आतल्या बाजूनं नक्की घाला, नाहीतर बेल्ट आवाज करेल. मी आवाज पूर्ण वाढवून मोबाईल बाबांच्या कानाशी धरला. त्यांनी दोनदा ऐकलं.

“सांगतोय की,” ते म्हणाले.

वॉशर मिळाला तो आत्याच्या बोअरच्या मोटारीचा. बोअर आटलेलं होतं, मोटार गोठ्याच्या कोपऱ्यात काढून ठेवली होती. तिच्या पट्टीचा एक वॉशर बरोबर त्या जाडीचा निघाला. बाबांनी डायनॅमोचा खालचा बोल्ट काढला, वॉशर आत सरकवला, बोल्ट आवळला, बेल्टला पुन्हा ताण दिला. फूटपट्टी सपाट बसली. गाडी सुरू केली. मी लाइट लावले.

“गेला का?” त्यांनी मला विचारलं.

“गेला.”

तरी त्यांनी पेचकस कानामागे लावून स्वतः खात्री करून घेतली. मग आत्याच्या कानामागे लावला. तिला ते गुदगुल्या झाल्यासारखं वाटलं असावं, कारण तिनं त्यांचा हात झटकला आणि पहिल्यांदा हसली.

त्या संध्याकाळी जेवताना ती त्यांच्या उजव्या हाताला बसली. कालवडीचं काय करू, हे तिनं तेव्हा विचारलं. चारा जेमतेम होता. बाबांनी आधी प्रश्न पुन्हा म्हणून घेतला, की बरोबर ऐकलं का मी. मग सांगितलं, विकायची नाही. अर्धापूरला त्यांच्या खात्यातल्या एका मित्राची केळीची बाग आहे, काढलेल्या केळीचे खुंट जनावरं खातात, पाऊस पडेपर्यंत तिथं ठेवू. आत्यानं विचारलं, कसा नेशील? ते म्हणाले, टेम्पोनं. ती म्हणाली, मी बी येते मग टेम्पोत, तिला गाडीची सवय न्हाई. एवढ्यात ठरलं.

लातूरमार्गे परत

सकाळी निघताना बाबा स्वतःहून डाव्या सीटवर जाऊन बसले आणि चावी डॅशबोर्डवर ठेवली.

परतीला आम्ही निलंग्यामार्गे लातूर घेतलं. लांबचा रस्ता आहे, पण आत्याचं एक सामान लातूरला पोचवायचं होतं. लातुरात त्या दिवसांत रिकाम्या घागरींच्या रांगा चौकाच्या पलीकडे जायच्या. माणसं सावलीला बसायची आणि घागरी उन्हात उभ्या. पाण्याच्या टाकीपाशी पोलीस होते. जेवलो तिथं ताटांऐवजी पत्रावळी होत्या, हात पुसायला कागद. वरण मात्र उत्तम होतं. लॉजवर उतरायचा विचार असेल तर आधी फोन करून विचारा, बादली मिळते का. आम्ही उतरलो नाही.

चाकूर, अहमदपूर, लोहा असा हा रस्ता रुंद आणि सरळ आहे, नवख्यालाही गाडी नेता येते. गाडी इतकी शांत होती की टायरचा आवाज येत होता. बाबांना तो येत नव्हता, हे मला आता माहीत होतं, म्हणून काही सांगायचं असेल तेव्हा मी आधी त्यांच्या गुडघ्याला हात लावायचे आणि मग बोलायचे. अहमदपूरच्या पुढे त्यांनी मला विचारलं, मी किती दिवस असा आहे? मी म्हणाले, माहीत नाही. त्यांनी विचारलं, तुमच्याही लक्षात आलं नाही? मी म्हणाले, नाही आलं.

घरी

नांदेडच्या डॉक्टर लेनमधल्या कानाच्या डॉक्टरांनी एक चिमट्यासारखा काटा वाजवून बाबांच्या कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. कुठं मोठं येतं? बाबा म्हणाले, हाडावर. आणि पेचकसाचं सांगितलं. डॉक्टरांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. दोन्ही पडद्यांना जुनी भोकं आहेत, नस चांगली आहे, ऑपरेशन करता येईल, तोवर यंत्र लावा, असं ठरलं. यंत्र लावल्याशिवाय गाडी चालवायची नाही, हे डॉक्टरांनी सांगायच्या आधी बाबाच म्हणाले.

कालवड अर्धापूरला आली, आत्या टेम्पोत तिच्या शेजारी उभी राहून आली आणि पाऊस येईपर्यंत आमच्याकडेच राहिली. गाय परत आली नाही. बाबांनी एकदा सीमेपलीकडच्या दोन बाजारांत जाऊन चौकशी केली. पांढऱ्या अंगाच्या आणि काळ्या तोंडाच्या गाई तिकडे पुष्कळ आहेत.

सहलीतून काय राहिलं, असं मी प्रत्येक लेखाच्या शेवटी स्वतःला विचारते. किल्ला नीट बघितला नाही. रस्ते लक्षात आहेत, जळकोटचा चहा बरा होता. बाकी मला आठवतं ते यंत्र लावल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं. आमच्या भागात तेव्हा नळाला काही दिवसांआड पाणी यायचं, आणि कधी येईल याचा नेम नसायचा. आई, आत्या आणि मी ओसरीवर शेंगा निवडत गप्पा मारत होतो. बाबा जरा पलीकडे खुर्चीवर पेपर वाचत होते. मध्येच त्यांनी पेपर खाली केला आणि मान तिरकी केली. आम्ही बोलत राहिलो. पाणी यायच्या आधी रिकाम्या नळातून हवा सुटते, तिचा बारीक फुसफुस आवाज होतो. आम्हा तिघींपैकी कुणालाच तो ऐकू आला नव्हता.

“नळ आला,” बाबा म्हणाले, आणि बादल्या लावायला उठले.